हवा आत, छर्रा बाहेर

पाटोदा तालुक्यातल्या माझ्या आजोळी, माळवदाच्या घरात, धान्याच्या कणगीवर एक खुंटी होती आणि त्या खुंटीला एक बंदूक टांगलेली असे. दारूगोळ्याची नव्हे, छऱ्याची. १९७२ चा दुष्काळ सरल्यावर दोन-तीन वर्षांनी थोरल्या मामांनी ती हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणली होती. मामा ट्रकवर होते. हैदराबादच्या फेरीत कुणाच्या घरातलं मोडीत निघालेलं सामान विकायला आलं होतं, त्यात ही होती. नळीवरची अक्षरं झिजून गेलेली, दस्त्याला एक चीर पडलेली.

जत्रेत फुगे फोडायला जी बंदूक मिळते ती आपण सगळ्यांनी हाताळलेली असते. परळीच्या महाशिवरात्रीला, कपिलधारच्या कार्तिकी पौर्णिमेला अशा ठेल्यांवर पोरांची गर्दी असते. ती बंदूक नळी मधून मोडून भरायची. नळी मोडली की आतली जाडजूड स्प्रिंग दाबली जाते आणि चाप ओढल्यावर सुटते. मामांची बंदूक तशी नव्हती. हिच्या नळीखाली एक लाकडी दांडा होता. तो खाली उघडायचा आणि परत नळीशी मिटवायचा. तीनदा, पाचदा, फार तर आठदा. प्रत्येक खेपेला हात जड होत जाई आणि नळीखालचं लोखंड कोमट लागे. मग मागची खिटी ओढून एक छर्रा ठेवायचा. एवढी सगळी मेहनत एका छऱ्यासाठी.

त्याच सुमारास गावात सरकारी हापसा आला होता. खालीवर दांडा हलवायचा, मग पाणी. मामांच्या बंदुकीचाही दांडा हलवायचा, मग हवा. गावानं लगेच तिचं नाव ठेवलं, ‘हापशाची बंदूक’. नाव गमतीनं पडलं, पण यंत्राच्या अंगानं पाहिलं तर ते अगदी बरोबर होतं. आज या हापशाच्या बंदुकीचाच इतिहास सांगायचा आहे. ती कुठून आली, कशी राखायची आणि घरात ठेवायची म्हणजे कोणती जबाबदारी घ्यायची, एवढंच.

आधी पंपाचं बोलू. आपल्याकडं पंप म्हटलं की तीन वस्तू आठवतात. सायकलचा पंप, रॉकेलचा स्टोव्ह आणि हापसा. तिन्हींचा जीव एकाच ठिकाणी असतो, वायसरात. वाटीच्या आकाराचं चामडं किंवा रबर. दांडा दाबला की वाटीचे काठ नळीला चिकटतात आणि समोरची हवा किंवा वरचं पाणी मागं निसटू देत नाहीत. वायसर सुकलं, फाटलं, की लोखंड कितीही भारी असो, सगळा खेळ संपला. स्टोव्ह फुसफुसतो, हापसा कोरडा खडखडतो.

हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. गावोगाव बसवलेले सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे हापसे एका कुटुंबापुरते होते, आणि त्यावर सगळा गाव तुटून पडे. ते सारखे मोडत. शेजारच्या जालन्यात आणि पुढे सोलापुरात मिशनच्या मंडळींनी पोलादाचा, दणकट, एकाच बिजागरीवर फिरणारा हापसा तयार केला. त्या सोलापूर पंपाच्या धर्तीवरच १९७० च्या दशकात युनिसेफच्या साह्यानं ‘इंडिया मार्क टू’ हा हापसा बेतला गेला, आणि तो पुढे देशभर आणि परदेशातही गेला. म्हणजे हापशाचं शहाणपण आपल्या भागाला नवं नाही. बंदुकीत तेच शहाणपण उलट्या बाजूनं वापरलेलं आहे. हापसा पाणी वर खेचतो, बंदूक हवा आत कोंडते.

कोंडलेली हवा एका छोट्या कप्प्यात बसते. कप्प्याला दोन झडपा. एक आत येऊ देणारी, बाहेर न जाऊ देणारी. दुसरी चाप ओढल्यावर क्षणभर उघडणारी. चाप ओढला की एक लहानसा हातोडा दुसऱ्या झडपेवर आदळतो, हवा नळीत शिरते आणि छर्रा सुटतो. पंप जितके जास्त, तितका छऱ्याला वेग जास्त. पण याला मर्यादा आहे. कंपनीनं आठ सांगितले असतील आणि तुम्ही हौसेनं पंधरा मारलेत, तर आतल्या दाबानं झडपच घट्ट बसते. हातोडा तिला पुरती उघडू शकत नाही आणि छर्रा उलट मरगळून बाहेर पडतो. वर वायसराचं नुकसान होतं ते वेगळंच. जोर वाढवला की काम वाढतंच असं नाही, हे मला त्या बंदुकीनं शाळेच्या आधी शिकवलं.

ही कल्पना फार जुनी आहे. ऑस्ट्रियाच्या राज्यात टायरोल भागातला जिरांडोनी नावाचा एक कारागीर होता. मूळचा घड्याळजी. त्यानं केलेली हवेची रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्यानं १७८० च्या सुमारास घेतली. बाकी जगाचे शिपाई तेव्हा एकेक गोळी नळीच्या तोंडातून ठासत होते. जिरांडोनीच्या रायफलीत वीस गोळ्या नळीशेजारी ओळीनं बसत आणि एकामागून एक झाडता येत. धूर नाही, दारू भिजायची भीती नाही. हवेची टाकी म्हणजे बंदुकीचा दस्ताच. लोखंडी, पोकळ, फिरवून काढता येणारा.

मग सगळ्या जगानं तीच का नाही घेतली? याचं उत्तर वायसरात आहे. एक टाकी भरायला सुमारे दीड हजार वेळा पंप मारावा लागे. चामड्याच्या गाळ्या ओल्या राखाव्या लागत. सुकल्या की हवा निसटे. टाकीला पोचा आला की ती निकामी, आणि बिघडली तर दुरुस्त करणारा कसबी माणूस रणांगणावर कुठून आणायचा? शिपायांना वेगळं शिक्षण द्यावं लागे. तुर्कांविरुद्धच्या युद्धात ती वापरली गेली, पण १८१५ पर्यंत सैन्यातून निघूनही गेली. तिला हरवलं ते शत्रूनं नव्हे, देखभालीनं. वस्तू बनवणं एक आणि ती रोज चालती ठेवणं दुसरं. सरकारी योजनेतला पहिल्याच वर्षी बंद पडलेला हापसा ज्यानं पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

या हवेच्या रायफलीची एक हकिकत मात्र मला विसरता येत नाही. १८०३ साली अमेरिकेचा मेरिवेदर लुईस हा कप्तान पश्चिमेकडच्या अनोळखी मुलखाच्या शोधाला निघाला. त्याच्याबरोबर हवेची एक रायफल होती. ती जिरांडोनीच्याच जातीची असावी, असं आज बरेच अभ्यासक मानतात. ३० ऑगस्टला पिट्सबर्गहून बोट निघाली आणि थोड्याच अंतरावर एका बेटावर थांबली. तिथल्या ओळखीच्या लोकांना त्यानं ही नवलाई दाखवली. स्वतः सात बार काढले. मग बंदूक पाहायला म्हणून दुसऱ्याच्या हातात दिली. त्या गृहस्थाला तिची सवय नव्हती. बार उडाला आणि चाळीसेक यार्डांवर उभ्या असलेल्या एका बाईच्या कपाळाच्या कडेला गोळी चाटून गेली. ती कोसळली. सगळ्यांना वाटलं, गेली. सुदैवानं जखम जिवावरची निघाली नाही. पण इतक्या मोठ्या मोहिमेच्या रोजनिशीची सुरुवात, अगदी पहिल्याच दिवशी, ही अशी झाली. एका बंदुकीनं, जी आवाज आणि धूर करत नाही म्हणून सगळ्यांना खेळण्यासारखी वाटली.

ही हकिकत मी पुष्कळ वर्षांनी वाचली. वाचताना हातातलं पुस्तक खाली ठेवावं लागलं, कारण ती मी आजोळी पाहिली होती.

हुरड्याचे दिवस होते. मामांच्या रानात शाळू कणसात आला होता. आगटी पेटलेली, पाहुणे बसलेले. मामांनी सकाळी पोपटांवर छर्रा झाडायला म्हणून बंदूक भरली होती, पण थवा उडाला आणि ती तशीच माळ्याच्या खांबाला टेकून राहिली. पंप मारलेली, छर्रा नळीत. मोकळी आहे असं समजून माझ्या मावसभावानं ती उचलली आणि गंमत म्हणून माझ्या धाकट्या भावावर रोखली. आवाज असा आलाच नाही. टिचकी वाजल्यासारखं झालं. भाऊ भुवईवर हात धरून खाली बसला. बोटांमधून रक्त आलं तेव्हा मावशीनं हंबरडा फोडला. छर्रा भुवईच्या हाडाला लागून अडकला होता. अर्ध्या बोटानं खाली असता तर डोळा गेला असता. तालुक्याला नेऊन तो काढला. आज त्याच्या भुवईत एक पांढरी रेघ आहे, आणि माझ्या त्या मावसभावानं आयुष्यात परत कधी बंदूक हातात घेतली नाही.

त्या रात्री मामा कुणाला रागावले नाहीत. ‘‘चूक त्याची न्हाई, माझी हाय. भरलेली मीच ठिवली,’’ एवढंच आजीला म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून घरात एक नियम झाला, ‘हवा आत, छर्रा बाहेर.’

हा नियम नीट समजून घेण्यासारखा आहे. पंपाची बंदूक ठेवून देताना तिच्यात एक-दोन पंपांची हवा ठेवावी असं जाणकार सांगतात. त्या दाबानं झडप आपल्या जागी घट्ट बसून राहते, तिच्या तोंडाशी धूळ जात नाही. पार रिकामी ठेवली तर झडप सैल पडते आणि पुढच्या खेपेला हवा धरत नाही. म्हणजे ही बंदूक निरोगी राहायची तर तिच्या पोटात थोडा दम कायम असायला हवा. पण तोच दम नळीत छर्रा असेल तर एखाद्याचा डोळा घेऊ शकतो. म्हणून खिटी उघडून, नळीत बोटभर उजेड पाहून, छर्रा नाही याची खात्री करायची, आणि मगच हवा ठेवायची. बंदूक राखणं आणि माणूस राखणं या दोन गोष्टी इथं एकाच कृतीत येतात. ती कृती चुकली की दोन्ही जातात.

मामांची देखभाल वर्षातून एकदा, खंडेनवमीला होई. त्या दिवशी आपल्याकडं विळे, कुऱ्हाडी, नांगर, पाने सगळ्यांची पूजा होते. मामा आदल्या रात्री बंदूक घोंगडीवर उघडत. पंपाचा दांडा काढायचा, बिजागरीच्या खिळ्याला तेल, वायसर बाहेर. चामड्याचं वायसर ते जुन्या चपलेच्या मऊ चामड्यातून स्वतः कातरत आणि रात्रभर एरंडेलात भिजवत. आधी खोबरेल वापरून पाहिलं होतं, पण पौषातल्या थंडीत खोबरेल थिजलं आणि पंप हलेना. नळी चिंधीच्या बोळ्यानं पुसायची. तेल थेंबभरच. जास्त घातलं की ते झडपेपर्यंत जातं आणि धूळ धरतं. नवीन बंदुकांत रबराची गाळी असते, तिला मोटारीचं ऑइल लावलं तर ती फुगते. म्हणून कंपनी सांगते तेच तेल वापरावं. आणि पंप मारताना बोटं दांड्याच्या आत ठेवू नयेत. शेवटच्या पंपाला हात निसटला तर दांडा बोट चिरडतो. मामांच्या अंगठ्याचं नख कायमचं काळं होतं ते त्यामुळंच.

लुईसच्या मोहिमेतही हेच दिसतं. १८०५ च्या जूनमध्ये, मिसुरी नदीच्या काठी, वस्तीपासून शेकडो कोस दूर, त्याच्या तुकडीतल्या शील्ड्स नावाच्या कारागिरानं त्या हवेच्या रायफलीची मुख्य स्प्रिंग नवी घातल्याची नोंद आहे. ऑस्ट्रियाच्या सैन्याला जे जमलं नाही ते एका लोहारामुळं त्या तुकडीला जमलं. ज्याच्याजवळ दुरुस्त करणारा हात आहे, त्याचीच वस्तू टिकते.

आता ही बंदूक शेतकऱ्याच्या घरात कशी आली ते पाहू. ती कथाही अमेरिकेतली, आणि तिचं मूळ चक्क पवनचक्कीत आहे. मिशिगन राज्यात प्लिमथ गावी शेतावर पाणी उपसायच्या लोखंडी पवनचक्क्या करणारा एक कारखाना १८८२ साली निघाला. धंदा बसत चालला होता. १८८८ च्या सुमारास तिथं लोखंडी हवेच्या बंदुकीचा एक नमुना आला. तो मालकांना इतका आवडला, की पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला एक बंदूक भेट द्यायला त्यांनी सुरुवात केली. थोड्याच वर्षांत शेतकरी पवनचक्की विसरले आणि बंदूकच मागू लागले. १८९५ मध्ये कारखान्यानं आपलं नावच बदलून बंदुकीचं नाव घेतलं, डेझी. आज आपल्या बालाघाटाच्या डोंगरपठारावर विजेच्या पवनचक्क्या फिरताना दिसतात तेव्हा मला ही गोष्ट आठवते. डेझी स्प्रिंगची होती. पंपाच्या बंदुका त्यानंतर त्याच देशात बेंजामिन आणि क्रॉसमन या कंपन्यांनी लोकप्रिय केल्या. आपल्याकडं मुंबईच्या इंडियन ह्यूम पाईप कंपनीनंही छऱ्याच्या बंदुका केल्या. १९२६ साली वालचंद हिराचंद यांनी काढलेली ही कंपनी. जिच्या नावाचे पाईप गावाकडच्या रस्त्यांच्या मोऱ्यांत दिसतात, तिचीच बंदूक एखाद्या वाड्यात खुंटीला दिसे.

डेझीची एक बंदूक मुंबईच्या खेतवाडीत राहणाऱ्या एका पोरक्या मुलाला मिळाली होती. देणारे त्याचे मामा, अमीरुद्दीन तय्यबजी. १९०८ च्या सुमारास त्या मुलानं एक चिमणी मारली. उचलून पाहिली तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. मुलानं मामांना विचारलं, ही कोण? मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडं पाठवलं. तिथं कपाटांतून ठेवलेले शेकडो पक्षी त्यानं पाहिले आणि त्याचं आयुष्य बदललं. तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. १९८५ मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचं नावही त्या पडलेल्या चिमणीवरूनच आहे. पुढं १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या त्याच संस्थानात होता.

ही गोष्ट सांगून कुणी म्हणेल, पाहा, बंदुकीतून पक्षीशास्त्रज्ञ झाला. मला ती उलटी दिसते. चिमणी मारणारी पोरं तेव्हा हजारो होती. त्यातल्या एकानं पडलेली चिमणी उचलून, ही कोण, असं विचारलं. मोठेपण प्रश्नाचं आहे, छऱ्याचं नाही. आणि मामांचं आहे, ज्यांनी तो प्रश्न झटकून टाकला नाही.

माझ्या मामांनी बंदूक घेतली होती ती शाळूच्या राखणीला. पोपट आणि भोरड्या यांनी कणसं रिकामी केली की शेतकऱ्याच्या पोटात तुटतं, ते खोटं नाही. पण दोन हंगामांत त्यांच्या लक्षात आलं, की ही बंदूक राखणीच्या कामाची नाही. आठ पंप मारून एक छर्रा झाडावा, एक पोपट पडावा, आणि थवा चार कणसं पलीकडं जाऊन बसावा. त्यापेक्षा माळ्यावर उभ्या राहिलेल्या आजीच्या गोफणीच्या एका फटकाऱ्यानं आख्खं रान उठायचं. शिवाय भोरड्या नुसत्या कणसंच खात नाहीत, टोळ आणि नाकतोडेही फस्त करतात. ते कळायला आम्हाला उशीर लागला. हुरड्याच्या त्या दुपारनंतर मामांनी पाखरांवर बंदूक धरणं सोडलं. मग ती डब्यांवर, चिंचोक्यांवर आणि झाडाला बांधलेल्या पुठ्ठ्यावर चालू लागली.

कायदाही तेच सांगतो, पण कायद्याबद्दल आपल्याकडं मोठा गैरसमज आहे. ‘परवाना लागत नाही’ याचा अर्थ ‘काहीही मारता येतं’ असा घेतला जातो. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ मध्ये अमलात आला, तेव्हा ठरावीक चाचणीत बसणाऱ्या छऱ्याच्या बंदुकांना परवान्यातून सूट मिळाली. २०१६ च्या नियमांनी रेषा स्पष्ट केली. नळीचा व्यास साडेचार मिलिमीटरपर्यंत, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन, आणि छऱ्याची ताकद वीस जूलपर्यंत असेल तर परवाना नको. यातलं एकही ओलांडलं तर परवाना हवा. म्हणून वाडवडिलांची जुनी बंदूक घरात असेल तर तिचा व्यास आधी तपासून घ्यावा. परदेशातल्या पुष्कळ जुन्या पंपाच्या बंदुका साडेपाच मिलिमीटरच्या, म्हणजे पॉइंट टू टूच्या आहेत.

पण बंदुकीला परवाना नको म्हणून पाखराला मारायचा परवाना मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मोर आणि काळवीट दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांची शिकार केली तर किमान तीन वर्षांची कैद आहे. मारण्याचा नुसता प्रयत्नसुद्धा कायद्याच्या लेखी शिकारच ठरतो. पोपटालाही संरक्षण आहे. आमच्या पाटोदा तालुक्यातच नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ मध्ये जाहीर झालेलं. त्याच्या आसपासच्या शिवारांत मोर अंगणापर्यंत येतात. अशा ठिकाणी खुंटीवरच्या बंदुकीला वेगळी जबाबदारी येते.

अरुणाचल प्रदेशात तर ही गोष्ट घराघरांपर्यंत गेली. तिथं शिकार ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पाखरं दिसेनाशी झाली तेव्हा १७ मार्च २०२१ रोजी पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावी एअरगन जमा करायची मोहीम सुरू झाली. सक्ती नव्हती. लोकांनी आपणहून बंदुका आणून दिल्या. पहिल्या वर्षातच त्यांची संख्या दीड हजारांच्या पुढं गेली. आपल्या हातानं दिलेली बंदूक ही कायद्यानं काढून घेतलेल्या बंदुकीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

म्हणून सगळ्याच बंदुका देऊन टाकाव्यात का? मला तसं वाटत नाही, कारण या यंत्राची दुसरीही वाट आहे. दहा मीटर एअर रायफल हा प्रकार ऑलिंपिकमध्ये १९८४ साली आला. अंतर दहा मीटर, छर्रा साडेचार मिलिमीटरचा, आणि मधला दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर. १९८० च्या दशकापर्यंत या खेळात एकाच झटक्यात हवा भरणाऱ्या पंपाच्या रायफली आल्या. एक दांडा, एक पंप, दर वेळी तेवढीच हवा, म्हणून दर वेळी तोच वेग. मामांच्या बंदुकीची ती थोरली, शिकलेली बहीण म्हणा ना. पुढं आधीच भरलेल्या सिलिंडरच्या रायफली आल्या. त्या सिलिंडरलाही दहा वर्षांची मुदत असते. मुदत संपली की स्पर्धेत चालत नाही. देखभाल तिथंही सुटत नाही.

मुंबईच्या अंजली भागवत एनसीसीत नेम शिकल्या आणि २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. सुमा शिरूर २००४ मध्ये अथेन्सच्या अंतिम फेरीत होत्या. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रानं याच प्रकारात भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळवून दिलं. २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोत जागतिक विजेता झाला. शालेय स्पर्धांतही साध्या माशीच्या एअर रायफलचा गट असतो. यांच्यातल्या कुणालाही नेम लावायला पाखरू लागलं नाही. कागद लागला, आणि छातीतला श्वास धरून ठेवायची सवय लागली.

मामा गेले. बंदूक माझ्याकडं आली. आणल्यावर सगळ्यात आधी व्यास मोजून घेतला, साडेचार निघाला. चामड्याचं वायसर वाळून पापडासारखं झालं होतं. मामांसारखंच कातरलं, एरंडेलात भिजवलं, बसवलं. पाचव्या पंपाला हात जड झाला तेव्हा कळलं, हवा धरली. आता ती खुंटीला नसते, कुलपाच्या कपाटात असते, आणि छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत. सुट्टीत नातवंडं आली की परसात दहा मीटर मोजून पुठ्ठा लावतो. मागं मातीचा ढीग. ज्याची पाळी त्याच्याशिवाय कुणी रेघेपुढं जायचं नाही. पंप ज्याचा त्यानंच मारायचा. पाच पंप मारताना पोराला दम लागतो, आणि त्या दमात ते थोडं शांत होतं. कशावर झाडायचं आहे, पलीकडं कोण आहे, हे पाहायला त्याला तेवढा वेळ मिळतो. बाकी कुठल्याही बंदुकीपेक्षा मला ही आवडते, ती एवढ्यासाठी.

श्रोत्यांपैकी कुणाच्या माळवदावर, कणगीमागं अशी जुनी बंदूक पडली असेल, तर एक विनंती. आज ती खाली काढा. नळी जमिनीकडं ठेवा, खिटी उघडा आणि आत पाहा. वर्षानुवर्षं विसरलेला छर्रा असेल तर तो काढा. व्यास तपासा, नियमात बसत नसेल तर पोलीस ठाण्यात विचारा. ठेवायची असेल तर नीट ठेवा, नको असेल तर रीतसर द्या. परवा खंडेनवमीला माझ्या धाकट्या भावाचा नातू आला होता. त्यानं खिटी उघडली, उजेडाकडं धरून आत पाहिलं आणि म्हणाला, ‘‘आजोबा, रिकामी हाय.’’ मग त्यानं एक पंप मारला. बाजूला भाऊ बसला होता. त्याचा हात आपसूक भुवईवर गेला आणि तो हसला.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)